डाव्या अंगाची धार

कागलकरांच्या संशयी स्वभावाला कुणी नावं ठेवू नयेत, कारण त्यांना त्याचाच पगार मिळत होता. बंगळूरच्या तुमकूर रोडवरच्या एका सरकारी कारखान्यात ते टूल रूमचे इन्स्पेक्टर होते. कामगारांनी केलेला नग टेबलावर आला की यात काहीतरी चुकलेलं असणारच, असं धरूनच विद्याधर कागलकर तो हातात घ्यायचे. चोवीस वर्षं हा उद्योग केलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन वेगळा कसा वागेल हो? दूधवाला झाला, रद्दीवाला झाला, समोरच्यांचं मांजर झालं, सगळ्यांकडे ते मायक्रोमीटर लावल्यासारखे बघायचे.

त्यांची बायको राजलक्ष्मी तीन पिढ्या बंगळूरात मुरलेल्या मराठी घरातली. "अहो, स्वल्प विश्वास ठेवा की माणसांवर," ती म्हणायची.

"विश्वास ठेवायला फॅक्टरी मला पगार देत नाही," कागलकर म्हणायचे, आणि दुधात बोट बुडवून बघायचे.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. सप्टेंबरातला सोमवार होता. संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला गेटवर अचानक झडती लागली. अशी झडती लागली की रांगेत जरा चुळबुळ होतेच, कुणाच्या डब्यात स्क्रू असतो, कुणाच्या खिशात सँडपेपर. त्या दिवशी कुणाच्या अंगावर काही सापडलं नाही. पण माणसं पांगल्यावर पहारेकऱ्याने आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या बादलीत हात घातला, तर कापसाच्या चिंध्यांत गुंडाळलेलं एक पातं निघालं. वीतभराहून लांब, चकचकीत, आणि धार अशी की पहारेकऱ्याचा अंगठा नुसता लागला तर रक्त आलं.

मंगळवारी सकाळी कागलकरांना सिक्युरिटी ऑफिसरच्या खोलीत बोलावणं आलं. नंदकिशोर नावाचे हे गृहस्थ फौजेतून निवृत्त होऊन आलेले, उत्तरेकडचे, हिंदीत बोलायचे. त्यांनी पातं टेबलावर ठेवलं.

"तीन आठवड्यांवर युनियनची निवडणूक आहे," ते म्हणाले. "दोन्ही गट एकमेकांच्या जिवावर उठलेत. अशा वेळी माझ्या गेटवर चाकू सापडतो. उद्या कुणाचं पोट फाडलं तर मी काय तोंड दाखवू? तुमच्या टूल रूमशिवाय ही धार कुठे होणार नाही. कुणाच्या हातची आहे तेवढं सांगा. तो आधी निलंबित होईल, मग पोलिसांकडे जाईल."

कागलकरांनी पातं उचललं. खरं सांगायचं तर त्यांना मनातून गुदगुल्याच झाल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या विद्येबद्दल विचारत होतं.

"मूळचं हे पॉवर हॅकसॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, मोडकं पातं," ते म्हणाले. "भंगारातलं. दात घासून काढलेत. टोकाचं हे भोक मूळचंच आहे, मशीनला अडकवायचं. मूठ अजून बसवायची होती, तेवढ्यात झडती लागली." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आता धार बघा. लोकांना वाटतं, धार म्हणजे धार. घासलं की झालं. तसं नसतं. पातं कुठल्या घडणीनं घासलंय त्यावर सगळं असतं. एक सपाट घडण. पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारखी सरळ उतरत येणारी. आपले स्वयंपाकघरातले चाकू बहुतेक तसले. दुसरी फुगीर, पोट असलेली. कुऱ्हाड बघा, कोयता बघा. घाव सोसते, पण बारीक काम होत नाही. तिसरी खोलगट, म्हणजे दोन्ही गाल आत गेलेले, न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखी. कापायला लोण्यासारखी, पण नाजूक. हाडावर घातलीत तर टवका उडालाच."

"आणि ही?"

"ही चौथी. एकांगी. सुताराची पटाशी असते ना, तशी. एक बाजू कोरी सपाट, उतार फक्त दुसऱ्या बाजूला. आणि तो उतारही खोलगट काढलाय." कागलकरांनी पातं उजेडात तिरपं धरलं. "ज्यानं केलंय त्याला घिसाडकाम येत नाही, हुनर येतो. दोन दिवस द्या मला."

त्या दोन दिवसांत कागलकरांनी काय काय केलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पातं त्यांनी प्रोजेक्टरवर चढवलं. वस्तूची सावली पन्नास पट मोठी करून पडद्यावर दाखवणारं ते यंत्र, त्याच्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. गोल चाकावर घासलेलं पातं चाकाची गोलाई आपल्या अंगावर घेऊन येतं, म्हणून त्या खोलगट उतारावरून चाक केवढं होतं ते काढता येतं. उत्तर आलं, पावणेदोनशे मिलिमीटरच्या आसपास. ग्राइंडरची नवी चाकं दोनशेची असतात, वापरून वापरून झिजतात. जेवणाच्या सुट्टीत टूल रूम रिकामी झाल्यावर कागलकर कॅलिपर घेऊन पाचही ग्राइंडर मोजत फिरले. पावणेदोनशेचं चाक एकच निघालं. दोन नंबरच्या ग्राइंडरचं.

दोन नंबरचा ग्राइंडर जितेंद्रच्या मशीनशेजारी होता.

जितेंद्र हा सव्वीस वर्षांचा, नागपूरहून आलेला पोरगा. यशवंतपूरला खोली घेऊन एकटा राहायचा. दोन वर्षं झाली होती, डिसेंबरअखेर कायम होणार होता, तोवर टांगती तलवार. टूल रूममध्ये कागलकरांखेरीज मराठी बोलणारा तोच एक. गणपतीत घरी जेवायलाही येऊन गेला होता, राजलक्ष्मीच्या हातची पुरणपोळी तीनदा मागून खाल्ली होती. कागलकरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तरी ते म्हणाले, एका चाकावरून काही सिद्ध होत नाही. त्या चाकावर कुणीही जाऊ शकतं.

मग त्यांनी पातं चाकूसारखं धरलं. टोक पुढे, धार खाली. उतार डाव्या अंगाला होता.

तुम्ही कधी बघितलंय का, एकांगी धारेचा चाकू माणूस आपल्या हाताच्या बाजूला उतार ठेवून बनवतो. उजव्या हाताने कापणाऱ्याचा उतार उजवीकडे, म्हणजे काप सुटून उजवीकडे पडतो. उतार डावीकडे असेल तर कापणारा डावखुरा. आणि एकतीस माणसांच्या त्या टूल रूममध्ये डावखुरा एकच होता.

"अरे देवा," कागलकर स्वतःशी म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गणित सुटल्याचा आनंदही झाला, आणि तो वाईट वाटण्याहून चार अंगुळं वरच होता.

आता एकदा का माणसावर संशय आला, की तो बसला तरी चोर आणि उठला तरी चोर. मंगळवारी दुपारपासून कागलकर सारखे जितेंद्रच्या मशीनपाशी जाऊन उभे राहायला लागले. दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, डोळ्यांत तेल घालून. पोरगा डाव्या हाताने हँडल फिरवायचा, कानस धरायचा, तेही डाव्याच हाताने. पूर्वी काम करताना गुणगुणायचा, ते बंद झालं. का बरं बंद झालं? बुधवारी तो केस नीट विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. टूल रूममध्ये इस्त्री? जेवणाची सुट्टी अर्धी टाकून परत आला आणि मशीन पुसत बसला. मध्येच मागे वळून, हसून म्हणाला, "बरोबर चाललंय ना, साहेब?"

"चालू द्या," कागलकर म्हणाले. मनात म्हणाले, बघा, बघा. पाप झाकायचं असलं की माणूस जास्तच सरळ चालतो.

घरीही काहीतरी बिनसलेलं होतं. सोमवारी संध्याकाळी त्यांनी चपला काढायच्या आत राजलक्ष्मीने विचारलं होतं, "गेटवर झडती झाली म्हणे?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? भाजीवालीनं."

मंगळवारी उप्पिटात मीठ नव्हतं. बुधवारी तिने पुन्हा विचारलं, "त्या झडतीचं काय झालं हो पुढं? काही मिळालं म्हणे?"

"ऑफिसच्या गोष्टी घरात नकोत," कागलकर म्हणाले. पण ही एवढी चौकशी का करते, हे त्यांच्या डोक्यात राहिलंच. चोवीस वर्षांत तिने टूल रूमचं नाव घेतलं नव्हतं. कुणी सांगावं, त्या पोरानेच हिच्याकडे वशिला लावला असेल. पुरणपोळ्या उगाच नाही गोड लागत.

गुरुवारी सकाळी त्यांनी नंदकिशोरसाहेबांना दोन पानी रिपोर्ट दिला. चाकाचा व्यास, उताराचा कोन, प्रोजेक्टरवरची आकृती, उतार कुठल्या बाजूला आणि त्याचा अर्थ काय, सगळं मुद्देसूद. खाली सही. साहेबांनी तो वाचून टेबलावर हात आपटला. "असं काम पाहिजे! आज त्याला निलंबित करून घरी धाडतो, उद्या दुपारी हे पोलिसांकडे पाठवतो."

अकरा वाजता दोन पहारेकरी टूल रूममध्ये आले आणि जितेंद्रला घेऊन गेले. मशीन चालूच होतं, ते शेजारच्याने बंद केलं. जाता जाता पोरगा कागलकरांकडे बघत होता, काहीतरी बोला म्हणून. कागलकर हातातला नग मोजत राहिले.

सरफेस ग्राइंडरवरचे पद्मनाभ तेवढ्यात हातातला पाना खाली पाडून बसले. हे कानडी गृहस्थ कागलकरांच्याच गल्लीमागे राहायचे, मार्चमध्ये निवृत्त होणार होते, हात थरथरायला लागले असतील वयाने, असं कागलकरांना वाटलं. एवढ्या संशयी माणसाला तेवढाच संशय आला नाही. दिव्याखाली अंधार, म्हणतात ते काही उगाच नाही.

संध्याकाळी मात्र त्यांना राहवलं नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी राजलक्ष्मीला सांगितलं, "तुझा तो जितेंद्र. पुरणपोळीवाला. चाकू बनवत होता फॅक्टरीत. पकडून दिला आज."

राजलक्ष्मीच्या हातातून ताटली निसटली. "जितेंद्र? त्याचा काय संबंध?"

"संबंध काय? डावखुरा आहे तो." कागलकरांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली, पेन्सिलीने तिच्या एका बाजूला उतार रंगवला आणि समजावून सांगायला लागले. टोक पुढे, धार खाली, उतार डावीकडे. सोळा मिनिटं बोलले. चाकाचा व्यास सांगितला. प्रोजेक्टर सांगितला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत चालला होता.

"इकडे या," ती म्हणाली.

"कुठं?"

"स्वयंपाकघरात या म्हणते ना."

तिने ओट्याखालून विळी काढली. घडीची विळी, लाकडी पाटावर लोखंडी खोबणीत खिळीने अडकवलेलं पातं, उघडलं की उभं राहणारं. "बसा," ती म्हणाली.

"मी? विळीवर?"

"बसा हो!"

चोवीस वर्षांच्या संसारात राजलक्ष्मीने या आवाजात दुसऱ्यांदा काही सांगितलं असेल. कागलकर लेंगा सावरून बसले, एक पाय पाटावर दाबला. अहो, माणूस धारेतला जाणकार, पण गुडघा कुठे ठेवायचा ते माहीत नव्हतं. राजलक्ष्मीने पुढ्यात परात सरकवली आणि हातात दंटूच्या पालेभाजीची जुडी दिली. "आता मी कापते तशी कापा. जुडी डाव्या मुठीत. उजव्या हाताने पुढचं टोक धरा. आणि पुढे ढकला."

कागलकरांनी ढकललं. पातं इतकं बोथट होतं की पाला कापला न जाता चेंगरला आणि हिरवं पाणी पाटावर ओघळलं. "हे काय गं? याला धार नाही."

"ते नंतर. कापलेलं कुठल्या बाजूला पडायला हवं?"

"उजव्या हाताकडे. परातीत."

"मग तुमचा तो उतार कुठल्या अंगाला लागेल?"

कागलकरांनी पात्याकडे पाहिलं. धार त्यांच्याकडे तोंड करून होती, टोक छताकडे. "उजव्या," ते म्हणाले.

"आता ती पट्टी घ्या. पात्यासारखी उभी धरा. धार आपल्याकडे, पेन्सिलीची बाजू उजवीकडे. धरलीत? आता तीच चाकूसारखी फिरवा. टोक पुढे, धार खाली."

त्यांनी फिरवली. पेन्सिलीची बाजू डावीकडे आली.

त्यांनी परत उभी धरली, परत फिरवली. परत डावीकडे. तीनदा केलं. जो माणूस दुसऱ्याचा नग एकदा बघून नापास करायचा, तो आपल्याच चुकीची चार-चारदा तपासणी करत स्वयंपाकघरात मांडी मोडून बसला होता.

"म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचंही असू शकतं," ते हळूच म्हणाले. "विळीचं असेल तर. पण ते पातं विळीचं कशावरून?"

"मीच करायला सांगितलं म्हणून," राजलक्ष्मी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "टोकाचं भोक या खिळीच्या मापाला वाढवून घेतलंय. मी खिळी काढून दिली होती मापाला, पद्मनाभण्णांना."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कागलकर हातातल्या पट्टीकडे बघत राहिले. मग रागच आला. "मला का नाही सांगितलंस?"

"नाही सांगितलं? उगादीपासून सांगतेय. पातं गेलंय, भाजी चेंगरते, हाताला गाठी आल्या. तुम्ही म्हणालात, बघू. पुन्हा सांगितलं, तर म्हणालात फॅक्टरीतलं काही मी घरी आणणार नाही, आणि घरचं काही फॅक्टरीत नेणार नाही. सरी, असू दे म्हटलं. चिकपेटात तीन दुकानं फिरले, सगळी पत्र्याची पाती, आठ दिवसांत वाकणारी. शेवटी पद्मनाभण्णांना म्हटलं. ते इथं समोर बसले अर्धा तास. म्हणाले, अक्का, तुम्ही कसं कापता ते आधी बघू दे, मग करतो. सोमवारी झडती बघून घाबरले आणि बादलीत टाकलं. तुम्ही घरी यायच्या आधीच मागच्या दारी येऊन सांगून गेले. मला वाटलं, लोखंडाचा तुकडा, कोण विचारतंय, चार दिवसांत विसरतील. तुमच्या डोक्यात त्या पोराचं नाव आहे हे मला काय माहीत? तुम्ही कधी काही सांगता का?"

कागलकर पाटावरून उठले नाहीत. पद्मनाभचं नाव घ्यावं, तर तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर म्हातारा चोर ठरणार, आणि तोही यांच्याच बायकोच्या शब्दाखातर. न घ्यावं, तर जितेंद्र गजाआड. आपलेच दात नि आपलेच ओठ. त्यांना पहिल्यांदा त्या पोराचा अकरा वाजताचा चेहरा दिसला.

शुक्रवारी सकाळी ते विळी पिशवीत घालून निघाले. राजलक्ष्मी म्हणाली, मीही येते. नको म्हणून ऐकणारी नव्हतीच.

नंदकिशोरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांची खुर्ची मागे सरकत गेली आणि डोळे बारीक होत गेले. ते डोळे कागलकरांनी लगेच ओळखले. रोज सकाळी टेबलावरच्या नगाकडे ते स्वतः तसेच बघायचे.

"काल तुम्ही म्हणता डावखुरा," साहेब म्हणाले. "आज म्हणता विळी. एका रात्रीत काय झालं, कागलकरजी? तो मुलगा तुमच्या भाषेचा आहे. तुमच्या घरी जेवतो, हेही मला कळलंय."

"माझा रिपोर्ट चुकला, साहेब."

"चुकला?" त्यांनी ड्रॉवरमधून ती दोन पानं काढली. "मी तीनदा वाचलाय. यात एक चूक दाखवा. चाकाचा व्यास दशांशापर्यंत दिलाय तुम्ही. असा माणूस चुकतो? चुकला नाहीये, कुणीतरी तुम्हाला चुकवतंय."

कागलकरांना घाम फुटला. खोटं एवढं पक्कं लिहून ठेवलं होतं त्यांनी, की आता खरं आत शिरायला फट नव्हती. ते कोन, व्यास, अंग, हात असं काहीबाही बोलायला लागले आणि साहेबांचा संशय आणखीनच वाढला.

राजलक्ष्मीनेच शेवटी पिशवी उघडली. विळी जमिनीवर ठेवली, खिळी काढून जुनं पातं बाजूला केलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "साहेब, ते द्या इकडे."

साहेबांनी पहारेकऱ्याला दारात उभं केलं आणि मग पातं दिलं. तिने ते खोबणीत बसवलं. खिळी भोकातून अशी गेली जशी काही तिथेच जन्मली होती. मग पदर खोचून ती त्या फरशीवर बसली, पिशवीतून पालेभाजीची जुडी काढली, डाव्या मुठीत धरली आणि कापायला लागली. चर्र चर्र आवाज येत होता. केसासारखा बारीक पाला तिच्या उजव्या हाताला सुटून पडत होता. अर्धी जुडी झाल्यावर तिने वर पाहिलं. "याने कुणाचं पोट फाडायचं, सांगा मला. हातात तरी धरता येतं का हे?"

नंदकिशोरसाहेब टेबलाभोवती फिरून पुढे आले, वाकले, खूप वेळ बघत राहिले. मग सरळ झाले. "चाकू नाही, मान्य. पण माल कारखान्याचा, मशीन कारखान्याचं. हे केलं कुणी?"

राजलक्ष्मीचा हात थांबला.

"मी," कागलकर म्हणाले.

"तुम्ही? इन्स्पेक्टरनं?"

"माझ्या घरची विळी. मी केलं. झडती बघून घाबरलो, बादलीत टाकलं. तुम्ही मलाच शोधायला सांगितलंत, म्हणून त्या पोरावर ढकललं."

साहेबांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दोन मिनिटं ते दोघांकडे आळीपाळीने बघत होते. पण निवडणुकीच्या तोंडावर चाकू नको होता त्यांना, विळी चालणार होती. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. बढती विसरा. आणि टूल रूमही विसरा, यापुढे स्टोअरमध्ये बसायचं."

कागलकरांनी लिहिलं. मी कारखान्याच्या भंगारातून अमुक वस्तू चोरली. चोरली हा शब्द लिहिताना हात अडला, तेव्हा साहेबांनी बोट ठेवून तोच शब्द पाहिजे म्हणून सांगितलं. बाहेर जिन्याखाली पद्मनाभ उभे होते, डोळे लाल झालेले. काही बोलायला पुढे आले, तर कागलकर म्हणाले, "मशीनवर जा. काही बोलू नका. मार्चपर्यंत तोंड उघडू नका."

राजलक्ष्मीला रिक्षात बसवून ते यशवंतपूरला गेले. जितेंद्रची खोली एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती. दार उघडंच होतं. पोरगा ट्रंकेत कपडे भरत होता. कागलकरांना बघून तो उभा राहिला. बसा म्हणाला नाही.

"सोमवारी कामावर ये," कागलकर म्हणाले. "सगळं मिटलं. चूक माझी होती, जितेंद्र. मी तसं लिहून दिलंय." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पट्टी, विळी, डावं अंग, उजवं अंग. पद्मनाभचं नाव तेवढं टाळलं.

जितेंद्रने ऐकून घेतलं. डाव्या हाताने तो एका शर्टाची घडी घालत होता, मोडत होता, परत घालत होता.

"तीन दिवस तुम्ही मागे उभे राहून माझे हात पाहून राहिले होते ना, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, काम पाहून राहिले. डिसेंबरात कायम करायचं, म्हणून पारखून राहिले. मी शर्टाला इस्त्री केली. सुट्टी अर्धी टाकून लवकर आलो. बाबांना पत्र टाकलं. लिहिलं, इथे आपले एक साहेब आहेत, हल्ली त्यांचं माझ्यावर फार लक्ष असते."

खाली गिरणी सुरू झाली आणि माडी थरथरायला लागली.

"एकदा विचारायचं होतं मला," पोरगा म्हणाला. "नुसतं विचारायचं."

"चुकलो रे," कागलकर म्हणाले. चोवीस वर्षांत त्यांनी हा शब्द दुसऱ्यांकडून ऐकला होता, स्वतः उच्चारला नव्हता. त्यांचा आवाज इतका बारीक आला की गिरणीच्या घरघरीत तो पोराला ऐकू गेला की नाही, कोण जाणे.

जितेंद्रने हातातला शर्ट ट्रंकेत न ठेवता खुंटीला टांगला. "सोमवारी येतो मी," तो म्हणाला. "पण माझ्या मागे उभे राहू नका, साहेब. कधीच."